रानात शौचाला जाताना: जागा, खड्डा आणि परत आणायची पिशवी

मी लोकांना डोंगरात, जंगलात मुक्कामाला घेऊन जाते. निघण्याआधीच्या बैठकीत बूट, सॅक, पाणी, थंडी या सगळ्यांवर भरपूर प्रश्न येतात. शौचाला कुठे आणि कसं जायचं हे मात्र कोणी विचारत नाही, आणि पहिल्या मुक्कामी सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाला तेच हवं असतं. म्हणून कोणी विचारायची वाट न बघता मी खुरपं हातात घेऊन उभी राहते आणि बोलायला सुरुवात करते. तिथे जे बोलते ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी एक समजूत बाजूला करू. पुरलं की माती सगळं पोटात घेते, असं बहुतेकांना वाटतं. घेते, पण फार सावकाश, आणि सगळीकडची माती घेत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ब्रिजर डोंगररांगेत संशोधकांनी ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जीवाणू मिसळलेली विष्ठा वेगवेगळ्या खोलीच्या छोट्या खड्ड्यांत पुरली आणि जवळपास वर्षभराने उकरून तपासली. मधे अख्खा हिवाळा गेला, बर्फ पडून वितळला, तरी साल्मोनेला जिवंत होता. खड्डा जरा उथळ की जरा खोल, यानेही फरक पडलेला नव्हता. हा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो वाचल्यापासून ‘पुरलं की झालं’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही.

मग पुरायचं कशाला? तर जंतू मरेपर्यंत ते पाण्यापासून, माश्यांपासून, जनावरांपासून आणि आपल्यामागून येणाऱ्या माणसाच्या हातापायांपासून लांब राहावं म्हणून. खड्ड्याने घाण नाहीशी होत नाही, ती एका जागी धरून ठेवली जाते. हे एकदा पटलं की बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात. माती धरून ठेवू शकेल अशी जागा असेल तर पुरायचं, नसेल तर पिशवीत घालून परत आणायचं.

आणि हे जंतू साधे नसतात. जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीच्या कवचातल्या अवस्था थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. क्रिप्टोस्पोरिडियम या तशाच दुसऱ्या परजीवीला पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या पुरत नाहीत. नोरोव्हायरसचे मोजके कण पोटात गेले तरी उलट्या-जुलाब सुरू होतात. हिपॅटायटिस ए सुद्धा याच वाटेने पसरतो. वरच्या मुक्कामावर कोणीतरी ओढ्याकाठी बसतो आणि खालच्या मुक्कामावर कोणाच्या तरी बाटलीत ते पाणी जातं. त्या दोघांची कधी गाठही पडत नाही.

जनावरंही रानातच करतात की, असं हमखास कोणीतरी म्हणतं. करतात, पण ती रानभर पांगलेली असतात. आपण मोठ्या संख्येने येतो, त्याच त्या सपाट जागी, त्याच त्या पाण्याजवळ राहतो आणि माणसांचे रोग पोटात घेऊन येतो. चांगला मुक्काम म्हणून ज्या जागा प्रसिद्ध असतात, त्यांच्या मागच्या झुडपांत एक फेरी मारून बघा, मला काय म्हणायचं आहे ते दिसेल.

जायच्या आधी

सर्वांत चांगला खड्डा म्हणजे जो खणावाच लागत नाही. वाटेच्या सुरुवातीला संडास असेल तर कळ नसली तरी जाऊन या. मुक्कामावर बांधलेला संडास असेल तर तोच वापरा, वास येतो म्हणून झुडपात जाऊ नका. त्या संडासात वाइप्स, पॅड, प्लास्टिकच्या पिशव्या, उरलेलं अन्न यातलं काहीही टाकू नका. टाकलेला कचरा कुजत नाही आणि शेवटी कोणाला तरी तो एकेक करून बाहेर ओढून काढावा लागतो. हे काम करणाऱ्यांना मी जवळून पाहिलं आहे. त्यांच्याबद्दल मनात आदर असेल तर तो दाखवायची जागा तीच.

शरीराची वेळही थोडीफार जुळवता येते. सकाळी उठल्यावर कोमट पाणी किंवा गरम पेय प्या, सामान बांधायची घाई करू नका, स्वतःला अर्धा तास द्या. मी मुक्कामावरून निघायची वेळ हा अर्धा तास धरूनच ठरवते. गटप्रमुखाने घाई केली की लोक कळ दाबून चालायला लागतात आणि मग तासाभराने नेमकं ओढ्याच्या अरुंद घळीत ‘थांबा, मला जायचंय’ होतं. तिथे ना माती असते, ना आडोसा, ना अंतर.

जागा

पाणी, पायवाट आणि मुक्काम या तिन्हींपासून किमान ६० मीटर लांब. मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं. ही पावलं खरोखर मोजायला लावते मी, कारण अंदाजाने जाणारे निम्म्यात थांबतात. विशेषतः अंधारात.

पाणी म्हणजे फक्त वाहतं पाणी नव्हे. कोरडा पडलेला ओढा, पावसाचं पाणी उतरत असेल अशी घळ, पाणी साचून वाळल्याच्या भेगा दिसतात तो खोलगट भाग, हे सगळं पाणीच धरायचं. उन्हाळ्यात दिसत नाही, पण पहिल्या मोठ्या पावसात तुमचा खड्डा तिथून उचलला जातो. उभं राहून उताराकडे बघायचं आणि विचारायचं, इथे धो धो पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे जाईल? त्या वाटेवरून बाजूला व्हायचं. चढाच्या दिशेने, थोड्या उंचवट्यावर गेलात तर बहुतेक वेळा बरोबर पडतं.

आता माती. वरचा वाळक्या पानांचा थर हाताने बाजूला करा आणि खुरप्याचं टोक आत घाला. काळसर, भुसभुशीत, किंचित दमट माती लागली, तिच्यात बारीक मुळ्यांचं जाळं दिसलं, एखादा किडा पळाला, तर जागा चांगली. मूठभर माती घेऊन वास घ्या. पाऊस पडल्यावर येतो तसा वास आला म्हणजे तिच्यात जीव आहे, कुजवणारे जंतू आणि बुरशी कामाला आहेत. पांढरट मुरूम, नुसती वाळू, चिकट चिखल किंवा चार बोटांवर कातळ लागला तर दुसरी जागा बघा. ऊन लागणारी जागा गर्द सावलीपेक्षा बरी, कारण उबेने कुजणं लवकर होतं.

मोठ्या दगडाखाली, कपारीत, गुहेच्या तोंडाशी बसायचा मोह होतो, कारण आडोसा आयता मिळतो. तिथे पाऊसही पोचत नाही आणि ऊनही, त्यामुळे घाण तशीच वाळून राहते. शिवाय त्या जागा आधीच कोणाच्या तरी राहायच्या असतात. बसण्याआधी काठीने आजूबाजूची पानं हलवा, पाय आपटा. कड्याच्या काठावर, निसरड्या उतारावर कधीही बसू नका, समोरचा देखावा कितीही सुंदर असो.

मुक्कामाला पोचलं की तंबू लावून झाल्यावर, उजेड असतानाच, आपापली जागा हेरून ठेवा. गट मोठा असेल तर दिशा वाटून घ्या आणि सगळे एकाच झुडपामागे जाऊ नका. एका ठिकाणी खूप खड्डे झाले की मातीला ते झेपत नाही. रात्री जाताना हेडटॉर्च, शिट्टी आणि एकाला तरी सांगून जाणं, हे तीनही हवं. अंधारात ७० पावलांवरून तंबू दिसत नाही आणि परतताना दिशा चुकते. वाटेत एखाद-दोन फांद्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधून ठेवा, सकाळी आठवणीने काढून घ्या.

खड्डा

खोली १५ ते २० सेंटिमीटर, रुंदी १० ते १५ सेंटिमीटर. पट्टी लागत नाही. अंगठा आणि करंगळी ताणून झालेली वीत खड्ड्यात उभी धरा, ती जवळपास पूर्ण आत गेली पाहिजे. यापेक्षा उथळ खड्डा जनावरं वासावर उकरतात. यापेक्षा फार खोल गेलात तर कुजवणारे जीव कमी होत जातात, कारण त्यांची वस्ती मातीच्या वरच्या थरातच दाट असते.

खणायला हलकं पण टोकदार खुरपं किंवा ट्रॉवेल घ्या. काठीने, बुटाच्या टाचेने खड्डा होत नाही, ओरखडा होतो. वरचा पानांचा थर एका बाजूला, माती दुसऱ्या बाजूला रचून ठेवा, म्हणजे बुजवताना जे जिथलं ते तिथे जातं. आणि खड्डा आधी, बसणं नंतर. कळ असह्य झाल्यावर खणायला घेतलं की वीतभर खोली कोणाच्याच हातून होत नाही. खरं सांगायचं तर अर्धवट पुरलेली जी घाण दिसते ती बहुतेक आळसाची नसते, उशिराची असते. म्हणून मी लोकांना संध्याकाळीच सकाळचा खड्डा खणून ठेवायला सांगते आणि त्यात कोणाचा पाय जाऊ नये म्हणून शेजारी काठी रोवायला लावते.

उकिडवं बसायची सवय नसेल तर मधल्या जाडीच्या झाडाला दोन्ही हातांनी धरून मागे झुका किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या कडेवर टेका. गुडघे दुखणाऱ्यांनी हे घरी करून बघावं. कपडे पुरते पुढे ओढून घ्या, खिशातला फोन आधी काढून ठेवा.

झाल्यावर थोडी माती खड्ड्यात लोटा आणि जवळच्या काठीने दोन-चार वेळा ढवळा. किळस वाटते, मान्य. पण गोळा तसाच राहिला तर त्याच्या आत माती पोचतच नाही आणि तो कित्येक महिने जसाच्या तसा राहतो. मातीत मिसळला की कुजणं लवकर सुरू होतं. काठी आतच सोडा. मग उरलेली सगळी माती, वरून पानांचा थर, आणि हलका दाब. खुरपं विष्ठेला लागू द्यायचं नाही, ते फक्त मातीला लागतं. शेवटी एक फांदी उभी खोचून ठेवली तर पुढच्याला कळतं की इथे खणू नये.

पुसणं आणि धुणं

कागद वापरत असाल तर साधा, बिनवासाचा, आणि वापरलेला कागद पिशवीतून परत. कागद पुरलेला चालतो असं अनेक ठिकाणी सांगतात आणि दमट, सुपीक जंगलात तो कुजतोही. पण मी पाहिलं आहे ते असं की पाऊस किंवा एखादं जनावर सगळ्यात आधी कागदच वर काढतं. झुडपांवर अडकलेले ते पांढरे तुकडे पुढे कितीतरी काळ तिथेच फडफडत राहतात. त्यामुळे माझ्या गटात कागद पुरायचा नाही. झिपची एक पिशवी, तिच्यावर बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून ती अपारदर्शक केलेली, आत चमचाभर खाण्याचा सोडा. वास येत नाही, दिसत नाही, आणि ही पिशवी दुसऱ्या एका पिशवीत घालून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात.

वेट वाइप्स कधीच पुरू नका. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, बहुतेक वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात.

कागद जाळायचाही नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा बेटावर एकाने शौचाचा कागद पेटवला. आग जंगलात शिरली, हजारो लोकांना घरं सोडावी लागली आणि ती विझवताना एका वनकर्मचाऱ्याचा जीव गेला. हे वाचल्यावर ‘जरासा कागद, इथेच जाळून टाकतो’ हे वाक्य तोंडातून निघू नये.

मला स्वतःला पाण्याने धुणं सगळ्यात पटतं. पुसायचा कचरा राहत नाही आणि अंगही स्वच्छ राहतं. फक्त ते नीट करायला हवं. यासाठीची बाटली वेगळी ठेवा, तिच्यावर ठळक खूण करा, पिण्याच्या बाटल्यांत ती कधी मिसळू नका. दाबून धार निघेल अशा लहान तोंडाची असेल तर थोड्या पाण्यात भागतं. धुतलेलं सगळं पाणी खड्ड्यातच पडलं पाहिजे, म्हणून जागेवरून न हलता धुवा. बाटली भरून आणायची, ओढ्यावर जाऊन बसायचं नाही. ओढ्यात धुणं म्हणजे वर सांगितलेले सगळे नियम पाळून शेवटच्या पावलाला ते मोडणं.

पाणीही कमी आणि कागदही नाही अशी वेळ आली तर गुळगुळीत गोटे, स्वच्छ बर्फ, मऊ पानं यांवर काम होतं. ओळखीचं नसलेलं पान वापरू नका. खाजरी, विषारी पानं जगभर आहेत आणि त्या नाजूक जागी त्यांचा त्रास कित्येक दिवस जात नाही.

हात धुणं हा भाग सगळे उरकून टाकतात, म्हणून इथे जरा थांबते. सॅनिटायझरचा थेंब चोळला की झालं असं नाही. अल्कोहोलचे सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसे चालत नाहीत, क्रिप्टोस्पोरिडियमवर चालतच नाहीत, आणि हाताला माती-घाण असेल तर आणखीच निकामी ठरतात. साबण आणि पाणीच हवं. २० सेकंद, नखांच्या कडांसकट, आणि तेही पाण्यापासून लांब, मातीवर. ‘विघटनशील’ असं लिहिलेला साबणही थेट ओढ्यात नको, त्याचं विघटन व्हायला माती लागते. मी मुक्कामावर येतायेताच पाण्याची एक बाटली झाडाला उलटी टांगते, झाकणाला बारीक भोक, शेजारी जाळीत साबण. समोर दिसला की लोक हात धुतात. गटात एकामागून एक पोट बिघडायला लागलं तर ओढ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातांकडे बघावं. ज्याला जुलाब सुरू झाले त्याने भांड्यांना, अन्नाला हात लावायचा नाही, आणि त्याला कमीपणा वाटणार नाही असं बोलायची जबाबदारी गटप्रमुखाची.

लघवी, आणि पाळीचे दिवस

लघवीतून रोग पसरायचा धोका खूपच कमी. तरीही पाण्यापासून आणि मुक्कामापासून लांब. झाडपाल्यावर करण्यापेक्षा दगडावर किंवा उघड्या मातीवर करा. लघवीत क्षार असतात आणि क्षारांसाठी जनावरं ती जागा चाटतात, उकरतात, झाडं उपटतात. अमेरिकेतल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात डोंगरी बोकड माणसांच्या घामातल्या आणि लघवीतल्या मिठाला इतके सोकावले की ते वाटेवर माणसांच्या मागे लागू लागले. २०१० मध्ये एका पदयात्रीचा बोकडाच्या शिंगांनी मृत्यू झाला. बाहेरून आणून सोडलेले हे बोकड पुढे २०१८ ते २०२० या काळात हेलिकॉप्टरने तिथून हलवावे लागले.

एक अपवाद आहे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीतून कोलोरॅडो या मोठ्या, वेगवान नदीतून जाणाऱ्यांना लघवी थेट नदीत करायला सांगतात. तिथे काठावरचे मुक्काम मोजके आणि वाळूचे असतात, वाळूत लघवी केली तर तिथे राहणं अशक्य होईल. शौच मात्र बंद डब्यांतून पूर्णपणे परत आणावं लागतं. नियम जागा बघून ठरतो, म्हणून जिथे जाणार तिथल्या वनखात्याचे किंवा उद्यानाचे नियम आधी वाचून घ्या, आणि ते माझ्या सांगण्यापेक्षा वरचे माना.

मुलींसाठी आणि बायकांसाठी हा भाग फक्त स्वच्छतेचा नाही. एकदा चढावर माझ्या पुढे चालणाऱ्या मुलीची बाटली दुपारपर्यंत काठोकाठ भरलेली दिसली. ओठ सुकलेले, डोकं धरलेलं. विचारलं तर हळूच म्हणाली, “ताई, पाणी प्यायलं की जावं लागेल. सगळे पुरुष आहेत, कुठे सांगू?” तिला तिथेच बसवून पाणी पाजलं आणि पुढच्या वळणावर मी मोठ्याने सांगितलं, “दहा मिनिटं थांबू. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे.” निम्मा गट पटकन पांगला. सगळ्यांनाच हवं होतं. तेव्हापासून दर दीड-दोन तासांनी हा थांबा मी न विचारता घेते. पाणी न पिणं आणि लघवी तुंबवून धरणं यातून उन्हाचा त्रास होतो, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. हे टाळायला गटप्रमुखाचं एक वाक्य पुरतं.

सोबत एक मोठी ओढणी किंवा हलकी चादर ठेवा, मैत्रिणीने धरली की आडोसा होतो. पुसायला एक वेगळं सुती फडकं घ्या, ते फक्त लघवीसाठी. वापरून सॅकच्या बाहेर उन्हात लटकवलं की वाळतं आणि रात्री धुता येतं. उभ्याने करता येईल असं नरसाळं मिळतं. ते घेतलं तर आधी घरी न्हाणीघरात सराव करा.

पाळीचे पॅड आणि टॅम्पॉन पुरायचेही नाहीत आणि जाळायचेही नाहीत. पॅडमध्ये प्लास्टिक असतं आणि रक्ताच्या वासाने जनावरं ते उकरतात. कागदासाठी सांगितली तशीच अपारदर्शक पिशवी इथेही. पाळीचा कप वापरणाऱ्यांनी तो वीतभर खड्ड्यात रिकामा करावा आणि खड्ड्यावरच धुवावा. मी दोन-तीन तयार पिशव्या, आत पॅड आणि कागद घालून, जास्तीच्या ठेवते आणि बैठकीत सगळ्यांसमोर सांगते की त्या माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात आहेत, न विचारता घ्या.

खड्डा चालत नाही तेव्हा

बर्फ, हिमनदी, नुसता कातळ, वाळवंट, अरुंद दरी, गुहा, आणि जिथे रोज शेकडो माणसं जातात अशा वाटा. इथे पुरण्यात अर्थ नाही, परत आणायचं. बर्फात पुरणाऱ्यांना वाटतं लपलं. थंडीत कुजणं जवळजवळ थांबतं आणि उन्हाळ्यात बर्फ वितळला की सगळं वर येतं, तेही नेमकं वाहत्या पाण्यात. अलास्कातल्या देनाली शिखरावर गिर्यारोहक वर्षानुवर्षं शौच हिमनदीच्या भेगांत टाकत आले. संशोधकांनी दाखवून दिलं की हिमनदी ते कुजवत नाही, आपल्याबरोबर सरकत खाली नेते आणि कित्येक दशकांनी बाहेर काढते. आता तिथे प्रत्येकाला घट्ट झाकणाचा डबा न्यावा लागतो आणि बहुतेक शौच त्यातून खाली आणावं लागतं. अलास्का सोडून अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर असलेल्या माउंट व्हिटनीच्या वाटेवरचे संडास काढून टाकले गेले आणि आता जाणारा प्रत्येक जण आपली पिशवी परत आणतो. एव्हरेस्टच्या नेपाळच्या बाजूने चढणाऱ्यांना २०२४ पासून अशा पिशव्या बरोबर नेणं सक्तीचं झालं आहे.

शौच परत आणायसाठी विकत मिळणाऱ्या तयार पिशवीत दोन थर असतात. आतली मोठी, पसरट, तिच्यात तळाशी पावडर असते. बाहेरची जाड, झिपची. आतली पिशवी जमिनीवर पसरून तिच्या कडांवर चार दगड ठेवा आणि तिच्यावरच उकिडवे बसा. लघवी आधी दुसरीकडे करून घ्या, नाहीतर पिशवी जड होते आणि पावडर पुरत नाही. झाल्यावर कागदही आतच टाका. पावडर ओलावा शोषून सगळ्याचा घट्ट लगदा करते, वास दाबते. हवा काढून तोंड पिळून गाठ मारा, मग बाहेरच्या पिशवीत घालून झिप लावा. एका पिशवीत दोन-तीन वेळा भागतं. प्रवासात फुटू नये म्हणून ती घट्ट फिरकीच्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा सॅकच्या बाहेर बांधा.

तयार पिशवी मिळत नसेल तर जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, आत मांजराच्या पेटीत घालतात ती शोषक माती आणि तोच डबा, यावरही छान चालतं. पहिल्यांदा सगळे तोंड वाकडं करतात. दुसऱ्या दिवशी खड्डा खणण्यापेक्षा हे सोपं आहे असं म्हणणारे निम्मे तरी असतात, आणि माझंही तेच मत आहे. भरलेली पिशवी संडासात टाकू नका, तिथे ती कुजणार नाही. पावडरची पिशवी बहुतेक ठिकाणी साध्या कचऱ्यात चालते, तरी तिथले नियम विचारा.

लहान मुलांसाठी खड्डा मोठ्यांनीच खणावा आणि सोबत बसावं. मुलं पटकन शिकतात, पण अंतराचा अंदाज त्यांना नसतो. डायपर तसाच्या तसा परत. कुत्रा बरोबर असेल तर त्याचंही आपणच उचलायचं. त्याच्या पोटातही जिआर्डिया आणि जंत असू शकतात.

किट

माझं किट एका गडद रंगाच्या छोट्या थैलीत असतं. खुरपं, कागद, सोडा घातलेल्या अपारदर्शक पिशव्या, साबणाचे तुकडे, खूण केलेली पाण्याची बाटली, दोन तयार पिशव्या. मुक्कामावर ती थैली एका ठरलेल्या फांदीला टांगते. थैली जागेवर नसेल तर कोणीतरी गेलेलं आहे, तेव्हा त्या बाजूला जायचं नाही. कोणालाही कोणाला काही सांगावं लागत नाही. ज्यांना बोलायला लाज वाटते त्यांच्यासाठी ही सोय फार उपयोगी पडते.

घरी आल्यावर थैली सॅकसकट कोपऱ्यात पडू देऊ नका, त्याच दिवशी उपसा. वापरलेल्या पिशव्या कचऱ्यात, खुरपं साबणाने आणि गरम पाण्याने धुऊन उन्हात, फडकं उकळून, बाटली उघडी वाळत. मग लगेच नव्या पिशव्या आणि कागद भरून थैली सॅकच्या वरच्या कप्प्यात परत ठेवा, कारण निघायच्या आदल्या रात्री घाईत सगळ्यात आधी विसरलं जातं ते हेच किट.